व्हाळाची दरड राहू द्या: आमच्या ग्रामसभेला खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य, ग्रामसभेला येणारे ग्रामस्थ आणि आपल्या गावाचं मुंबई मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

१ मेच्या ग्रामसभेपुढे निसर्ग उद्यानाचा आराखडा मंजुरीसाठी येतो आहे. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात लावलेला नकाशा मी नीट पाहिला, अंदाजपत्रकही मागून वाचलं. सभेत प्रत्येकाला बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि मला सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून हे पत्र. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, त्यांनीही ते वाचावं अशी विनंती आहे.

उद्यान व्हायलाच हवं, हे आधी सांगते. शाळेमागचा सडा म्हणजे कातळाचं पठार, त्याच्या उताराची राई, व्हाळ म्हणजे आपला ओढा, आणि खाली खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या चिखलाच्या जागेपर्यंत गेलेली ती गावाची जागा इतकी वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. कुणी तिथे प्लास्टिक आणून ओतलं, कुणी रातोरात चिरे काढून नेले, आणि शिमगा सरला की दर वर्षी कुठून तरी वणवा लागला. ती जागा गावाने आपली म्हणून सांभाळायची ठरवली, मुंबई मंडळाने वर्गणी उभी केली, सरपंचांनी तालुक्याला खेटे घातले. त्याबद्दल मी तुम्हा सगळ्यांची ऋणी आहे. गावात चालायला जागाच राहिलेली नाही. सकाळी बायका डांबरी रस्त्याने चालतात आणि चिऱ्याचे डंपर अंगावर येतात. साखरेचा, गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसांना डॉक्टर रोज चाला म्हणतात, पण चालायचं कुठे? त्यांना ही वाट हवी आहे. मुलांनाही हवी आहे.

माझी हरकत आहे ती वाट जिथून आणि जशी आखली आहे तिला. नकाशात ती व्हाळाच्या शाळेकडच्या काठाने जाते. सहा फूट रुंद, पेव्हर ब्लॉकची, आणि दरड ढासळू नये म्हणून त्या बाजूला सिमेंटची भिंत. ठरावीक अंतरावर दिव्यांचे खांब. सड्यावर पार्किंग. खाजणाच्या तोंडाशी कारंजं आणि सेल्फी पॉइंट. प्रवेशद्वाराच्या कमानीवर धनेश, खंड्या आणि मोर रंगवायचे आहेत, त्यासाठी वेगळी तरतूद आहे. जे पक्षी कमानीवर येणार, त्यांतला खंड्या नेमका त्या भिंतीच्या जागी घर करतो. त्याच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नाही.

तिबोटी खंड्या. आकाराने चिमणीएवढाच. चोच लालभडक, पोट पिवळंधमक, डोकं आणि पाठीवर केशरी-जांभळी झाक, पंख गडद निळे. पहिल्या पावसाबरोबर तो आपल्याकडे येतो आणि पावसाळ्यातच पिल्लं मोठी करतो. झाडावर घरटं बांधत नाही. उभ्या मातीच्या दरडीत चोचीने कोरून आडवं बीळ पाडतो, हात-दीड हात खोल. बिळाचं तोंड एवढं लहान की खेकड्याचं समजून आपण पुढे जातो. नीट पाहिलं तर तोंडाखालच्या मातीवर पांढरी शीट ओघळलेली दिसते, तेवढीच खूण. आईबाप आळीपाळीने येतात. चोचीत कधी पालीसारखी सापसुरळी, कधी बेडकाचं पिल्लू, कधी कोळी. ते भक्ष्य फांदीवर आपटून मऊ करतात आणि मग लगेच बिळात शिरत नाहीत. व्हाळावर वाकलेल्या एखाद्या काटकीवर निश्चल बसून आजूबाजूला कुणी आहे का ते पाहतात. माणूस समोर उभा असेल, तर तो निघून जाईपर्यंत आत जात नाहीत. माणूस अर्धा तास उभा राहिला, तर आतली पिल्लं अर्धा तास उपाशी.

आता आपल्या गावाची जमीन आठवा. सगळीकडे जांभा. पहार लावली तर ठिणगी उडते. चोचीने कोरता येईल अशी मऊ माती, ती उभी कापलेली, वर झाडाची सावली आणि खाली वाहतं पाणी, एवढं सगळं एकत्र फक्त त्या व्हाळाच्या काठी आहे. साकवापासून, म्हणजे व्हाळावरच्या छोट्या पुलापासून, खालच्या वळणापर्यंतचा तो तुकडा. तिथे सिमेंटची भिंत उभी राहिली की तो पक्षी जाईल कुठे? पलीकडच्या गावात जाईल, असं मला परवा कुणीतरी म्हणालं. पण पलीकडच्या गावातल्या व्हाळाच्या दोन्ही काठांना भिंती घालून झाल्या आहेत.

दरड ढासळेल ही भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण ती का ढासळते ते बघा. सड्यावरचं पाणी शाळेच्या मैदानावरून थेट दरडीच्या माथ्यावर येतं आणि तिथून कोसळतं. माथ्यापासून पाच-सहा हात मागे एक आडवा चर खणून ते पाणी साकवाकडे वळवलं, तर दरडीवरचा मारा थांबेल. बाकीचं काम कुंभा, करंज आणि उंबराची मुळं करतातच. वाट काठावरून गेली नाही तर माथ्यावर वजनही पडणार नाही आणि भिंतीची गरजच राहणार नाही. अंदाजपत्रकातला सगळ्यांत मोठा खर्च त्या भिंतीचा आहे.

राईतून जो टप्पा जातो तिथेही पेव्हर ब्लॉक नकोत. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आपल्याकडे. ब्लॉकखालची खडी दोन पावसाळ्यांत धुपते, ब्लॉक हलायला लागतात आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय नेमका हलत्या ब्लॉकवर पडतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाखाड्या घातल्या, त्या आजही जागच्या जागी आहेत. जांभ्याचा चिरा, पायरीची उंची वीतभरापेक्षा कमी, पायरीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार आणि मध्ये मध्ये पाणी काढून देणारी आडवी मोरी. जिथे चढ नाही तिथे नुसती ठोकून बसवलेली माती पुरते. रुंदी चार फूट ठेवली की दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात. चिरा आपल्या तालुक्यातला आणि तो घालायला आपलेच गवंडी. रायगडातल्या कर्नाळ्याला १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या निसर्गवाटा रानातून मुळा-दगडांवरून जातात, शाळांच्या सहली त्यावरून जाऊन येतात, आणि त्यामुळे कुणाचं अडलेलं नाही.

पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो, हा आक्षेप आमच्या वाडीतल्या बायकांनीच काढला आणि तो योग्य आहे. त्यासाठी चिरा गुळगुळीत तासू नये, छिन्नीचे टोचे तसेच राहू द्यावेत. चढाच्या जागी बांबूचा कठडा हवा. आणि जून ते सप्टेंबर आपण खळ्यात, पाणंदीत झावळ्या टाकतो तशा तिथेही टाकाव्यात. झावळ्यांना गावात तोटा नाही. सापाचं म्हणाल तर सड्यावर फुरसं आहे, ते कुणी नाकारत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीचं गवत कापून ठेवलं की साप दिसतो आणि माणूस सावध राहतो. त्यासाठी सगळं रान साफ करण्याची गरज नाही. राईतला पातेरा तर अजिबात झाडून काढू नका. नवरंग पावसाळ्याच्या तोंडाला येतो, तो त्या पातेऱ्यातच चोच मारत किडे शोधतो आणि घरटंही जमिनीलगत, काटक्या-पानांचं गोल ढिगारं करून बांधतो. पहाटे राईतून जी दोन सुरांची शीळ ऐकू येते आणि पक्षी मात्र दिसत नाही, ती त्याची. पातेरा गेला तर तोही गेला.

सड्याबद्दल दोन गोष्टी. सातबाऱ्यावर तो पोटखराबा आहे आणि म्हणून आपण त्याला ओसाड समजतो. याच आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तोवर त्यांच्यावरूनही आपण गाड्या नेत होतो. आत्ता, हे पत्र लिहिते आहे त्या दिवसांत, पार्किंगसाठी चुन्याने आखलेल्या चौकोनापासून काही पावलांवर टिटवीची चार अंडी आहेत. खड्यांच्या मध्ये खड्यांसारखीच. जमिनीवर नुसता उथळ खळगा, भोवती बारीक दगड लावलेले. एप्रिलच्या उन्हात कातळ तापला की टिटवी व्हाळावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. हे मी खूप लांबून, दुर्बिणीतून पाहिलं आहे. जवळ गेलं की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. गाड्या सड्यावर आणण्याऐवजी एसटीच्या थांब्यापाशी उभ्या राहू द्या. तिथून उद्यानाच्या फाटकापर्यंत वाट वाडीतूनच जाते. येणारा माणूस चालत आला तर वाटेत सोलकढी पिईल, कोकम घेईल, कुणाच्या ओटीवर टेकेल. गाडी थेट सड्यावर गेली तर तो गावात पाऊलही ठेवणार नाही.

दिव्यांबद्दल. उद्यान सूर्योदयाला उघडावं आणि सूर्यास्ताला बंद व्हावं. मग दिवे कशाला? रात्री तिथे रातवा असतो, पिंगळा असतो, बिबट्याही येऊन जातो. पावसाच्या आधी व्हाळावर काजव्यांनी झाडं लखलखतात, ते प्रखर उजेडात उरणार नाहीत. त्या निधीतून मी सांगते त्या दोन गोष्टी होतील: चढाच्या प्रत्येक वळणावर पाठ टेकता येईल असं बाक, आणि फाटकापाशी स्वच्छतागृह, ज्याला पाणी असेल. बायकांना लांब चालायचं तर ते सर्वांत आधी लागतं आणि आराखड्यात त्याचा उल्लेखही नाही.

खाजणाचा काठ हा माझ्या मते उद्यानाचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमकं तिथेच कारंजं बसवायचं आहे. यात कायद्याची अडचण आहे ती आधी सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनं तोडायला बंदी करताना भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितला आहे. कारंज्याचा चौथरा त्या पट्ट्यात येतो. उद्या कुणी तक्रार केली तर सगळंच काम अडकेल. पण कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. ऑक्टोबर ते मार्च त्या चिखलावर तुतारी, चिखल्या, बाकदार चोचीचे कोरल उतरतात. मध्य आशिया, सैबेरिया अशा लांबच्या मुलखातून हिवाळा काढायला आलेले हे पक्षी. परतीच्या प्रवासाआधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. पुन्हा पुन्हा उठवलं, कुत्र्यांनी पळवलं, वाळूवरून मोटारसायकली फिरवल्या, की तेवढी शक्ती उडण्यात जाते आणि चरायला वेळ उरत नाही. म्हणून वाट चिखलापर्यंत जाऊ नये. बांधाच्या अलीकडे थांबावी आणि तिथे बांबू-झावळ्यांचं एक लपण करावं. त्याला दोन उंचीवर फटी ठेवाव्यात, एक मोठ्यांच्या डोळ्यांपाशी, एक पोरांच्या.

समुद्र आपल्या पश्चिमेला आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि समोरचा पक्षी लखलखीत दिसतो. संध्याकाळी तोच पक्षी नुसता काळा. म्हणून लपण सकाळसाठीच समजावं. आणि वेळ भरतीची साधावी. ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात, भरतीचं पाणी चढत आलं की चिखल कमी होतो आणि ते काठाकडे सरकत येतात. हे कोळीवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा हिशोब आपल्याकडे पोरंसुद्धा तोंडी करायची. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे द्वादशी-त्रयोदशीला नऊ ते पावणेदहाच्या सुमाराला भरती, आणि त्याआधीचा तास पक्षी पाहायला उत्तम. उद्यानाच्या फाटकावर हा हिशोब आणि त्या दिवसाची उधाणाची (मोठ्या भरतीची) किंवा भांगाची (लहान भरतीची) नोंद खडूने लिहायची जबाबदारी कोळीवाड्यातल्या कुणा जाणत्या माणसाला मानाने द्यावी. बाहेरून आलेल्या पाहुण्याला अशी माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

त्या बांधावरच्या शिंदीच्या झाडांवर पावसाळ्यात सुगरणीची घरटी लटकतात. आराखड्यात शिंदी काढून बॉटलपाम लावायचे आहेत. कृपा करून असं करू नका. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमाराला अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. घरटं नर विणतो. अर्धवट विणून झालं की मादी येऊन तपासते आणि पसंत पडलं तरच नर ते पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की तो पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जगाला ही गोष्ट नीट कळली ती कोकणातल्या एका गावात, झाडाखाली बसून रोज नोंदी करणाऱ्या माणसामुळे. आपल्या बांधावर तेच सगळं चालतं आणि आपल्या शाळेपासून तो बांध हाकेच्या अंतरावर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांसाठी याहून चांगली प्रयोगशाळा कुठली?

झाडांचा विषय निघालाच आहे तर ‘वाळलेली व धोकादायक झाडे काढणे’ या कलमाबद्दलही. वाटेवर पडेल असं झाड काढा, त्याला कुणाची ना नाही. पण निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० ला उत्तर कोकणाला झोडपलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं, आणि किनाऱ्यावरची किती जुनी झाडं गेली ते आपल्याला माहीत आहे. जी उरली आहेत त्यांच्या ढोल्यांना मोल आहे. व्हाळापलीकडचा तो शेंडा झडलेला माड आठवतो का? वीज पडून गेलेला. नुसता खांब उभा आहे. त्याला तीन भोकं आहेत. वरच्यात पोपट, मधल्यात साळुंक्या, खालच्यात पिंगळा. मेलेल्या माडाच्या एका खोडावर तीन बिऱ्हाडं. तो वाटेपासून लांब आहे, कुणाच्या अंगावर पडणार नाही. राईतल्या जुन्या बेहड्याचंही तसंच. धनेशाची मादी अशा मोठ्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचं तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते आणि नर तिला व पिल्लांना बाहेरून फळं आणून भरवत राहतो. नराला काही झालं तर आतल्यांचे हाल होतात, आणि ढोलीचं झाडच गेलं तर पुढच्या वर्षी जोडीला घर नसतं. धनेश खातो वड, पिंपळ, उंबराची फळं, आणि बिया दूर नेऊन टाकतो. नवीन झाडं लावायचीच असतील तर उंबर लावा, पांगारा लावा, काटेसावर लावा. सावर आणि पांगारा फुलले की मैना, कोतवाल, शिंजीर यांनी झाड भरून जातं. लॉनवर काय येणार?

आता खर्चाचा आणि उत्पन्नाचा मुद्दा, कारण मुंबई मंडळातल्या काही जणांनी तो मला फोनवर विचारला. पर्यटक कारंजं बघायला येतील की पक्षी? कारंजं प्रत्येक शहरात आहे. आपल्याच जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे कासवांची अंडी राखायला २००२ च्या सुमारास सुरुवात केली. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. गावाने मोठं काही बांधलेलं नाही, होतं तेच जपलं. आपल्याकडे तर पक्ष्यांमुळे लोक जून-जुलैत येतील, जेव्हा किनाऱ्यावर कुणी फिरकत नाही आणि घरगुती खोल्या रिकाम्या असतात.

मात्र इथे मला एक धोका दिसतो आणि तो मी लपवणार नाही. तिबोटी खंड्याचा फोटो मिळतो म्हटल्यावर पावसाळ्यात मोठमोठ्या कॅमेऱ्यांची माणसं येतात. काही फार सांभाळून वागतात. काही बिळासमोरच्या फांद्या छाटतात, आपल्याला हवी तिथे काटकी रोवतात, फ्लॅश मारतात, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावतात. म्हणून नियम आधी करावे लागतील, गर्दी झाल्यावर ते पाळून घेता येत नाहीत. घरट्यापाशी कुणालाही नेऊ नये, अगदी सरपंचांच्या पाहुण्यालाही. व्हाळाच्या त्या तुकड्याकडे जाणारी आडवाट जून ते सप्टेंबर काट्या टाकून बंद ठेवावी. आवाज वाजवायला मनाई असावी. उद्यानात उरलेलं खाणं टाकू नये, कारण खाण्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे टिटवीची अंडी जातात. आपल्या गावातली चार-पाच मुलं-मुली वाटाडे म्हणून तयार करावीत. त्यांना पक्ष्यांची नावं शिकवायला मी तयार आहे. गुराख्यांना आणि आंबा राखणाऱ्या मंडळींना माझ्यापेक्षा जास्त येतं, त्यांनाही बोलवावं.

हे सगळं करायला अधिकार कुणाचा, असं कुणी विचारलं तर तो आपलाच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं आहे. आपली समितीही कागदावर आहे. तिची लोकजैवविविधता नोंदवही मी मागून पाहिली. पक्ष्यांच्या पानावर कावळा, चिमणी, पोपट, मोर एवढंच आहे, आणि पुढे ‘इत्यादी’. ही नोंदवही घाईत भरली गेली असेल, मी कुणाला दोष देत नाही. पण ती पुन्हा लिहायला हवी. राज्य सरकारने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. यंदा त्या आठवड्यात शाळा, कोळीवाडा आणि वाड्यावाड्यांतली मंडळी मिळून गावाच्या हद्दीत दिसणारे पक्षी लिहून काढू. कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, सगळं. समिती खऱ्या अर्थाने कामाला लागेल आणि उद्यानाची देखभालही तिच्याकडे देता येईल.

शेवटी वाटेचा प्रश्न. ती व्हाळाच्या शाळेकडच्या काठाने आखली, त्याचं कारण मला माहीत आहे. पलीकडच्या काठाला आमचं आगर आहे आणि खाजगी जागेतून वाट नेता येत नाही, असं बैठकीत म्हटलं गेलं. माझी सूचना अशी आहे. वाट वरच्या साकवावरून पलीकडे आणा. आमच्या गडग्याच्या आतल्या अंगाने, आंब्यांच्या ओळीबाहेरून, पाच फूट रुंदीची पट्टी मी गावाच्या वहिवाटीसाठी मोकळी करून देते. खालच्या टोकाला ती बांधाला मिळते आणि तिथून लपणाकडे जाता येतं. उतार शाळेकडच्या काठापेक्षा सौम्य आहे, पायऱ्या कमी लागतील आणि गुडघेदुखीच्या माणसांना सोपं जाईल. दरड वाटेपासून इतकी लांब राहते की खंड्याला त्रास होणार नाही, आणि साकवावर उभं राहून व्हाळावरून झेपावणारा तो निळा-केशरी ठिपका दिसायचा तर दिसेलच.

सातबाऱ्यावर माझ्या दोन्ही दिरांचीही नावं आहेत. दोघेही मुंबईला असतात. दोघांशी बोलणं झालं आहे आणि दोघांनी होकार दिला आहे. मे महिन्यात ते इथेच आहेत, तेव्हा संमतीपत्रावर तिघांच्या सह्या करून देऊ. अटी तीनच: वाहन नेऊ नये, गडग्याची दगडं हलवू नयेत आणि काढणीच्या दिवसांत कलमांना हात लावू नये. मोबदला नको.

ग्रामसभेला माझी विनंती आहे की १ मे रोजी आराखडा आहे तसा मंजूर न करता वाटेची आखणी, भिंत, दिवे, पार्किंग आणि कारंजं या पाच बाबी दुरुस्तीसाठी राखून ठेवाव्यात आणि बाकीच्या कामाला मंजुरी द्यावी. कुंपण, फाटक, पाण्याची टाकी, वणव्यासाठीचे जाळपट्टे यांवर कुणाचाच वाद नाही, ती कामं लगेच सुरू होऊ देत. दुरुस्त वाट आखण्याआधी सरपंच, सदस्य, मुंबई मंडळाचे पदाधिकारी आणि काम घेणारे ठेकेदार यांनी एकदा माझ्याबरोबर सकाळी साडेसहाला साकवापासून बांधापर्यंत चालून यावं. तासाभराचं काम आहे. ३ मेपर्यंत कुठल्याही दिवशी या, मी साकवावर हजर असेन. दोऱ्या आणि खुंट्या आणून ठेवल्या आहेत, वाट त्याच दिवशी आखून घेऊ.

आपली,
व्हाळापलीकडच्या आगरातली, गावचीच एक बागायतदार